रंधा मारण्याआधी बिजागरी बघा: घरच्या लाकडी झडपांची दुरुस्ती आणि निगा

जुलै लागला की कोकणातल्या जुन्या घरांतून एक आवाज हमखास येतो. कोणीतरी खिडकी लावायला जातं, झडप अडते, मग तळहाताचा दणका, मग खांदा. तरी वरचा कोपरा बोटभर बाहेरच राहतो. सुताराला बोलावणं जातं. तो येतो, झडपेच्या कडेवरून रंधा फिरवतो, मूठभर सालपटं खाली पडतात आणि खिडकी लागते. फेब्रुवारीत त्याच कडेने उन्हाची तिरीप घरात येते आणि पुढच्या जुलैत ती झडप पुन्हा तिथेच अडते.

आमच्या घरी हे तीनदा झालं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी झडप उतरवून नीट बघितली, तेव्हा वरच्या बिजागरीच्या तीन स्क्रूंपैकी दोन नुसत्या बोटाने फिरत होते. झडप फुगलीच नव्हती, ती लोंबली होती. तीन वेळा रंधून काढलेलं जुनं सागवान आता परत येणार नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ज्यांच्या घरी अशा झडपा अजून शाबूत आहेत त्यांच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितो.

मी बोलतोय ते घराच्या आत उघडणाऱ्या झडपांबद्दल. आपल्याकडच्या जुन्या खिडक्यांना चौकटीत लोखंडी गज असतात, त्यामुळे झडप बाहेर जाऊच शकत नाही, ती खोलीत उघडते. काही झडपा सलग फळीच्या असतात, काहींच्या वरच्या अर्ध्यात झिलमिली असते, म्हणजे आडव्या, तिरक्या लाकडी पट्ट्या. काही झिलमिली पक्क्या खाचेत बसवलेल्या असतात, तर काहींच्या पट्ट्या मधल्या उभ्या दांडीने एकदम वर-खाली करता येतात. गिरगावातल्या जुन्या इमारतींपासून गोव्यातल्या घरांपर्यंत हा प्रकार दिसतो. तिथे झडपा बाहेर उघडत असल्या तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

लाकूड फुगतं म्हणजे किती फुगतं?

हे आधी समजून घेतलं की निम्म्या चुका टळतात. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ अजिबात नाही. झडप म्हणजे दोन उभे आणि दोन-तीन आडवे तुकडे जोडून केलेली चौकट. आडवे तुकडे झडपेच्या रुंदीच्या दिशेने लांब असतात, त्यामुळे ते रुंदी वाढवत नाहीत. रुंदी वाढते ती फक्त दोन उभ्या तुकड्यांच्या रुंदीने. प्रत्येक उभा ७ सेंटिमीटर रुंद धरला, तर एका झडपेत फुगायला एकूण १४ सेंटिमीटर लाकूड आहे. सागवान मुळातच कमी हलणारं लाकूड. उन्हाळ्यापासून ऐन पावसाळ्यापर्यंत एवढ्या सागवानात एक-दीड मिलिमीटरचा फरक पडतो. दोन झडपांची खिडकी असेल तर दोन ते तीन मिलिमीटर.

म्हणून ज्या खिडकीत उन्हाळ्यात दोन झडपांच्या मध्ये तीनेक मिलिमीटर फट आहे, ती पावसात नुसत्या फुगण्याने अडायला नको. ती अडते आहे, कोपरा बोटभर बाहेर राहतो आहे, तर कारण दुसरं आहे.

अख्ख्या रुंद फळीची, चौकट नसलेली झडप मात्र वेगळी. तिथे पूर्ण रुंदी फुगते. आंब्याची फळी असेल तर सागापेक्षा जास्तच.

पाहणी: दहा मिनिटं, हातात खडू

झडप हळूहळू लावत न्या आणि ती पहिल्यांदा कुठे टेकते ते बघा. मग त्या कडेला खडू घासा, पुन्हा लावा, उघडा. समोरच्या लाकडावर खडू उमटेल तीच जागा. आता फटी वाचा.

बिजागरीच्या बाजूला वरची फट रुंद आणि खालची बारीक दिसते आहे, कडीच्या बाजूचा वरचा कोपरा दुसऱ्या झडपेला भिडतो आहे, खालचा कोपरा चौकटीच्या खालच्या आडव्यावर घासून त्याचा रंग गेला आहे: ही लोंबलेली झडप. माझ्या अनुभवात बहुतेक अडणाऱ्या झडपा याच असतात.

पूर्ण उंचीभर फट सारखीच नाहीशी झाली आहे आणि खडू वरपासून खालपर्यंत उमटला: ही खरी फुगलेली झडप, किंवा रंगाचे थर चढून जाड झालेली. जुन्या घरात दर दोन-तीन वर्षांनी खरवडल्याशिवाय ऑइल पेंट मारलेला असतो. दहा थर जमले की एका कडेला रंगाचीच चांगली जाडी होते.

लोंबलेली झडप ओळखली की पुढची परीक्षा. झडप अर्धी उघडा, कडीच्या बाजूचा खालचा कोपरा दोन्ही हातांनी धरून वर उचला. दुसऱ्या कोणाला तरी डोळा लावून बघायला सांगा की हालचाल कुठे होते आहे. बिजागरी चौकटीपासून सुटते आहे का? बिजागरीच्या पिनेतच खेळ आहे का? की बिजागरी घट्ट आहे आणि झडपेचा कोपरा, जिथे उभा आणि आडवा जोडलेले आहेत, तिथे केसाएवढी चीर उघडते-मिटते आहे? या तिन्हींचं काम वेगवेगळं आहे.

ढिली बिजागरी

झडप उघडी ठेवून तिच्या खाली दोन लाकडी पाचरी समोरासमोर सरकवा, म्हणजे तिचं वजन पाचरींवर येईल. खाली कट्टा नसेल तर स्टूल आणि त्यावर पाचरी. वजन न पेलता स्क्रू काढले तर उरलेला एकटा स्क्रू लाकूड फाडत खाली येतो.

पहिल्यांदा पेचकसाने घट्ट करून बघा. नुसता गोल फिरत असेल तर भोक मोठं झालं आहे. लांब आणि जाड स्क्रू ठोकून द्यायचा मोह होतो. तो एक-दोन पावसाळे चालतो आणि मग उभा चिरतो. त्यापेक्षा स्क्रू काढा, भोकातला काळा गंजाचा भुसा काढून टाका. वाळलेल्या बांबूच्या काडीपासून, ती नसेल तर उदबत्तीच्या काडीपासून, भोकाच्या खोलीएवढ्या बारीक कामट्या करा. फेविकॉलमध्ये बुडवून एकेक करत भोकात दाबा, शेवटची हातोडीने हलकेच ठोकावी लागेल इतक्या गच्च. रात्रभर वाळू द्या. सकाळी बाहेर आलेली टोकं पटाशीने सपाट करा, मधोमध बारीक बिटने भोक पाडा आणि त्याच मापाचा स्क्रू बसवा. ही पकड मूळ लाकडाइतकी पक्की होते.

समुद्रापासून जवळ असाल तर स्क्रू पितळीच घ्या. लोखंडी स्क्रू गंजला की फुगतो, भोक कुजवतो आणि नंतर डोकं तुटून आत राहतो. पितळ मऊ असतं, पेचकसाचा जोर लागला की मान तुटते. त्यावर उपाय सोपा आहे: त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी पूर्ण आत घालून बाहेर काढा, त्याने आटे पाडून झाले. मग पितळी स्क्रूवर मेणबत्ती घासा आणि हाताला जोर न लावता फिरवा.

स्क्रू घट्ट असूनही झडप किंचित खालीच राहिली, तर खालच्या बिजागरीच्या पानामागे पुठ्ठ्याचा तुकडा घाला. लग्नपत्रिकेचा जाड कागद यासाठी उत्तम. खालची बिजागरी अर्धा-पाऊण मिलिमीटर बाहेर आली की झडपेचा खालचा भाग कडीच्या बाजूला सरकतो आणि समोरचा कोपरा वर उचलला जातो. वरच्या बिजागरीमागे पुठ्ठा घातला तर उलटं होईल, झडप आणखी लोंबेल. हे मुद्दाम लिहितो, कारण घाईत वर-खाली हमखास चुकतं.

पिनेतच खेळ असेल तर बिजागरी बदला. तीन इंची असेल तर तीन इंचीच आणा, जुनी काढून दुकानात सोबत न्या. खाच जुन्या मापाची आहे, नवी पानं त्यात चपखल बसली पाहिजेत. करकरणाऱ्या बिजागरीला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोबरेल घालू नका. त्यावर धूळ चिकटते आणि काही महिन्यांत काळं किटण होतं.

कोपऱ्याचा सांधा सुटला असेल तर

झडप उतरवावी लागेल. उतरवण्याआधी वरच्या कडेवर पेन्सिलने लिहा: कुठली खोली, डावी की उजवी. एकाच घरातल्या दोन झडपा कधीच सारख्या नसतात.

जमिनीवर चादर टाकून झडप आडवी ठेवा आणि दोन्ही कर्ण मोजा. तीनचार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट काटकोनात राहिलेली नाही. जुन्या कामात उभ्यामध्ये आडव्याचं कुसू, म्हणजे टोकाची जीभ, घुसवून त्यातून लाकडी किंवा बांबूची खुंटी मारलेली असते. ती खुंटी मागून ठोकून काढा. मग सांध्याजवळ लाकडाचा ठोकळा धरून त्यावर मोगरीने हळूहळू ठोकत सांधा उघडा, निदान बोटभर तरी. आतला जुना सरस, रंग, माती पटाशीने खरवडा. हे न करता फटीतून गोंद ओतला तर तो रंगाला चिकटेल, लाकडाला नाही. पाणी सोसणारा गोंद घ्या. फेविकॉल मरीन चालतो.

शिकंजा घरात नसेल तर दोरी आणि काठी पुरे. झडपेभोवती दुहेरी दोरी गुंडाळा, मध्ये काठी घालून पीळ द्या, कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा म्हणजे दोरीचे वळ उठणार नाहीत. पीळ दिल्यावर पुन्हा कर्ण मोजा. मोठ्या कर्णाच्या दिशेने थोडं दाबलं की चौकट काटकोनात येते. एक दिवस हात लावू नका, मग बांबूची नवी खुंटी मारा.

कोपऱ्यावर पत्र्याचा कोन ठोकून काम भागवलेलं खूप घरांत दिसतं. ऐन पावसात तात्पुरतं ठीक आहे. पण तो सांधा जोडत नाही, नुसता झाकतो, आणि खिळ्यांच्या भोकांतून पाणी मुरून कुसू कुजतं.

झिलमिलीच्या पट्ट्या

या कामाला वेळ लागतो, आणि मला स्वतःला हेच काम सगळ्यात आवडतं. दुपारी तीन वाजता झिलमिली अर्धी तिरकी केली की खोलीत वारा येतो, ऊन येत नाही, आणि रस्त्यावरून आतलं दिसत नाही. पडदा यातल्या दोनच गोष्टी करतो, तिन्ही कधीच नाही.

फिरत्या पट्टीच्या दोन्ही टोकांना बारीक खुंट्या असतात, त्या उभ्यांतल्या भोकांत फिरतात. मधली दांडी आणि पट्ट्या यांना यू आकाराच्या दोन खिळ्यांनी जोडलेलं असतं, एक दांडीत, एक पट्टीच्या कडेत, एकमेकांत अडकवलेले. एवढंच यंत्र. बिघडतं ते चारच प्रकारे.

पट्ट्या रंगाने चिकटल्या असतील तर दांडी ओढू नका, सगळ्यात आधी तीच तुटते. धारदार ब्लेड पट्टीच्या टोकाशी, उभ्याला लागून, चारी बाजूंनी फिरवा. मग पट्टी दोन्ही टोकांजवळ अंगठ्यांनी धरून हलकेच पुढे-मागे करा. कट् असा आवाज येऊन ती सुटते. सगळ्या सुटल्यावरच दांडी हलवा.

यू खिळा निघाला असेल तर त्याच भोकात पुन्हा ठोकू नका. जुनी भोकं गोंद लावलेल्या काडीने बुजवा आणि तीन-चार मिलिमीटर बाजूला नवीन जागी बसवा. आधी सुईसारख्या बिटने भोक पाडा. पट्टीची कड पातळ असते, थेट ठोकलं की रेषेत चिरते. खिळा पूर्ण आत घालू नका, दुसऱ्या खिळ्याला फिरायला जागा हवी.

पट्ट्या ढिल्या पडून आपोआप मिटतात, ही तिसरी तक्रार. फिरत्या पट्ट्या त्यांच्या जागी राहतात त्या फक्त घर्षणावर, आणि भोकं झिजली की घर्षण जातं. सगळ्या पट्ट्या दुरुस्त करायची गरज नाही. त्या दांडीने एकमेकींना बांधलेल्या आहेत, म्हणून दोन पट्ट्या घट्ट केल्या की बाकीच्या थांबतात. कंबरेच्या जुन्या पट्ट्याचं किंवा पाकिटाचं पातळ चामडं घ्या, खुंटीच्या मापाचं भोक पाडून त्याची छोटी चकती करा, एका बाजूने कापून खुंटीभोवती सरकवा. पट्टी आणि उभा यांच्या मधोमध ती बसते आणि चांगली धरते.

चौथं म्हणजे खुंटी तुटणं. सुतार सहसा सांगतो की यासाठी पूर्ण झडप सोडवावी लागेल. पण सरकती खुंटी केली तर झडप जागेवर ठेवूनच काम होतं:

१. दांडीशी जोडणारा यू खिळा पकडीने किंचित उघडून पट्टी मोकळी करा आणि तुटक्या टोकाने बाहेर काढा. उभ्यातल्या भोकात अडकलेला खुंटीचा तुकडा बारीक बिट हाताने फिरवून काढा.

२. पट्टीच्या तुटक्या टोकाला बरोबर मधोमध २५ मिलिमीटर खोल भोक पाडा. पट्टी ८ मिलिमीटर जाडीची असेल तर भोक ४ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. भोक पाडताना पट्टी दोन फळकुटांमध्ये दाबून धरा, नाहीतर फुटते.

३. त्याच जाडीची पितळी सळी २० मिलिमीटर कापा, टोकं कानसेने गोल करा. जाड पट्टीला बांबूची खुंटीही चालते. उभ्यातलं जुनं भोक मोठं असेल तर ते कामट्यांनी बुजवून सळीच्या मापाचं नवीन पाडा.

४. पट्टीच्या खालच्या अंगाला, जिथे सहसा नजर जात नाही, त्या भोकावरून ब्लेडने १२-१५ मिलिमीटरची बारीक लांबट चीर पाडा, आतली सळी दिसेल इतकीच.

५. सळी पूर्ण आत ढकला. पट्टीची शाबूत खुंटी समोरच्या उभ्यात घाला, हे टोक जागेवर आणा. आता चिरेतून खिळ्याच्या टोकाने सळी उभ्याच्या दिशेने ढकला. आठ-दहा मिलिमीटर भोकात गेली की पट्टी फिरवून बघा.

६. सळी मागे येऊ नये म्हणून चिरेत तिच्या मागे काडीचा तुकडा दाबा आणि वर मेण लावा. गोंद लावू नका. उद्या पट्टी पुन्हा काढायची वेळ आली तर काडी काढली की काम झालं.

पट्टीच तुटली असेल तर शेजारची चांगली पट्टी नमुना म्हणून घ्या. नवी पट्टी दोन उभ्यांमधल्या अंतरापेक्षा २ मिलिमीटर आखूड ठेवा, दोन्ही टोकांना एकेक. लाकूड जुनंच शोधा. लाकडाच्या वखारीत किंवा मोडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्यांकडे जुन्या सागाचे तुकडे मिळतात. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात, पुण्यात जुन्या बाजारात फिरलात तर आख्खी झडपही हाती लागते. नवा, न सुकलेला साग पातळ पट्टीला वापरला तर पहिल्याच उन्हाळ्यात तो पिळतो.

खरंच रंधायची वेळ आली तर

बिजागऱ्या घट्ट, सांधे पक्के, रंगाचे जादा थर काढून झाले, आणि तरी पूर्ण कडेला झडप घासते. मग रंधा मारा, पण पावसात नाही. जुलैमध्ये फक्त घासणाऱ्या जागेवर मेणबत्ती चोळा आणि पेन्सिलने दोन खुणा करून ठेवा, कुठून कुठपर्यंत घासतं त्या. लाकूड ओलं असताना रंधलं तर किती काढायचं याचा अंदाज येत नाही आणि रेषा उपटतात. डिसेंबरनंतर खुणा बघून काम करा. कोरड्या हवेत दोन झडपांच्या मध्ये तीन मिलिमीटर, झडप आणि चौकट यांच्यामध्ये रुपयाचं नाणं सहज सरकेल एवढी फट पुरते. रंध्याचं पातं धारदार आणि कमी बाहेर, टोकाकडून मध्याकडे. टोकापर्यंत बाहेर ढकलत नेलं तर उभ्याच्या शेवटाची कपची उडते.

रंधलेली कड उघडी ठेवू नका, त्याच दिवशी तिला प्रायमर लावा. उघडं लाकूड पुढच्या पावसात आधीपेक्षा लवकर पाणी पितं.

कीड आणि कुज

झडपेखाली पिठासारखी बारीक पूड रोज पडत असेल आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी, एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसत असतील, तर आत भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत. जुन्या सागाच्या तांबूस गाभ्याला ते सहसा शिवत नाहीत, बाहेरचा पांढरट भाग खातात. रंग काढून लाकूड उघडं करा. एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम सवागी (बोरॅक्स) आणि २० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ब्रशने तीन-चार वेळा मुरवा. हातमोजे घाला, पाणी मुलांपासून आणि जनावरांपासून लांब ठेवा. हे द्रावण रंगावरून लावलं तर आत जातच नाही, म्हणून रंग काढणं टाळू नका. पूर्ण वाळलं की रंग लावा, नाहीतर पावसाच्या पाण्याने ते धुऊन जाईल.

मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिचा रस्ता भिंतीतून किंवा चौकटीमागून असतो. नुसती झडप साफ करून उपयोग नाही, त्या कामाला माहितगार माणूस बोलवा.

कुजलेलं लाकूड ओळखायला पेचकसाचं टोक दाबा. सहज पाव इंच आत गेलं तर तो भाग गेला. खालच्या आडव्याचं हे हमखास होतं. बोटाएवढा खड्डा असेल तर मऊ लाकूड पूर्ण कोरून काढा आणि एम-सील भरा. त्याहून मोठा असेल तर कुजलेलं टोक तिरकं कापून त्यावर तशाच तिरक्या कापाचा नवा सागवानी तुकडा जोडा. तिरक्या जोडाला चिकटायला जागा जास्त मिळते. हे काम पहिल्यांदा करणार असाल तर चांगल्या सुताराकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा.

जुना रंग काढताना

इथे घाई अजिबात नको. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत हवं, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. तुमच्या झडपेवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे असणार. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते, गरोदर बाईलाही. म्हणून झडप उतरवून अंगणात किंवा गच्चीत न्या, खाली प्लास्टिक अंथरा, वॉटरपेपर पाण्यात भिजवून ओलंच घासा म्हणजे धूळ उडत नाही. एन-९५ मास्क लावा. ब्लोटॉर्चने किंवा गरम हवेच्या गनने रंग जाळू नका. काम झाल्यावर प्लास्टिक गुंडाळून बंद पिशवीत टाका आणि कपडे वेगळे धुवा. मुलं दोन दिवस मामाकडे पाठवता आली तर फार बरं.

सगळे थर काढायलाच हवेत असं नाही. घट्ट बसलेला रंग राहू द्या. सुटलेला, पोपडे आलेला भाग आणि कडांवरचे जादा थर काढा. खड्डे लांबीने (पुट्टीने) भरा, वाळल्यावर घासा.

रंग की तेल

रंग लावायचा तर एक हात प्रायमर आणि दोन हात ऑइल पेंट, तिन्ही पातळ. झिलमिलीला जाड हात मारला की पट्ट्या पुन्हा चिकटल्याच म्हणून समजा. पट्ट्या अर्ध्या उघड्या ठेवून एक इंची ब्रशने आधी टोकांजवळ, मग मधे रंग ओढा, आणि वाळेपर्यंत दर तासा-दोन तासांनी दांडी हलवत राहा. खुंट्यांना आणि यू खिळ्यांना रंग लावू नका.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे झडपेची खालची आणि वरची कड. झडप चौकटीत असताना तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून कित्येक झडपांना ती कड जन्मात कधी रंगलेली नसते. उभ्या तुकड्यांच्या रेषांची तोंडं तिथेच उघडी असतात आणि पाणी तिथूनच वर चढतं. झडप उतरवलेलीच आहे तर त्या दोन कडांना तीन हात द्या.

लाकूड सुंदर असेल आणि रंगाखाली झाकायचं नसेल तर बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, लावा. टर्पेंटाइन मिसळून पातळ करून पहिला हात, वाळल्यावर दुसरा, आणि न मुरलेलं तेल अर्ध्या तासात पुसून घ्या. एक धोका लक्षात ठेवा: बेलतेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. फडकी दोरीवर एकेक मोकळी वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वर्षभराची निगा

धूळ झाडायला कोरडा, मऊ, दोन इंची रंगाचा ब्रश सगळ्यात चांगला. पट्ट्या आधी वर, मग खाली करून दोन्ही अंगं झाडा. मग पिळून काढलेलं ओलं फडकं आणि लगेच कोरडं. पाण्याची बादली ओतून धुवू नका. पावसात बुरशीचे ठिपके आले तर साबणाच्या पाण्याने पुसून झडप दिवसभर वाऱ्याला उघडी ठेवा. गोव्याकडे काही जुन्या खिडक्यांत काचेच्या जागी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या बसवलेल्या असतात. त्यांना व्हिनेगर किंवा लिंबू कधीही लावू नका, आम्लाने शिंपली विरघळते.

अक्षय तृतीयेच्या सुमारास, पाऊस यायला महिना असताना, सगळ्या बिजागऱ्यांचे स्क्रू एकदा तपासा, कडांचा रंग कुठे फुटला असेल तिथे हात द्या, कड्या-बोल्टांना तेल घाला. पावसाळ्यात घर बंद ठेवून जाणार असाल तर झिलमिली किंचित उघडी राहू द्या. हवा खेळती राहिली की आतली ओल साचत नाही. दसऱ्याआधीच्या साफसफाईत खडूची परीक्षा पुन्हा करा आणि जे घासतं त्याची खूण करून ठेवा.

झडप परत चढवताना आधी वरच्या बिजागरीचा एक स्क्रू, मग खालच्या बिजागरीचा एक, मग पाचरी काढून झडप लावून बघा आणि फटी बरोबर आल्यावरच बाकीचे स्क्रू घट्ट करा. वरच्या कडेवर पेन्सिलने काय केलं आणि कोणत्या महिन्यात केलं ते लिहून ठेवा. आमच्या माजघराच्या झडपेवर, रंगाखाली, कोणा जुन्या सुताराने पटाशीने कोरलेली ‘उजवी’ची खूण निघाली होती. तिच्या शेजारीच मी माझी तारीख लिहिली.